चिखलात मनसोक्त लोळायचंय? आडोशाची जागा अशी शोधा

लहान मूल चिखलात लोळलं की कौतुक होतं. तेच चाळिशीतल्या माणसाने केलं की बघ्यांचे मोबाइल बाहेर निघतात. दक्षिण कोरियातल्या बोर्योंगमध्ये १९९८ पासून चिखलाचा मोठा उत्सव भरतो आणि तिथे हजारो मोठी माणसं राजरोस माखून घेतात. पण उत्सवाची गर्दी सगळ्यांनाच झेपत नाही. कुणाला आपल्यापुरता, शांतपणे, दोन-चार जिवलगांसोबत चिखल तुडवायचा असतो. त्यांच्यासाठी हा लेख: जागा कुठे शोधायची, तिथला चिखल खेळण्याजोगा आहे हे कसं ओळखायचं आणि धडधाकट परत कसं यायचं.

एक गोष्ट आधीच पक्की करून टाका. नवखा माणूस 'कोणी बघू नये' म्हणून निघतो आणि जिथे कोणी ऐकूही शकणार नाही अशा ठिकाणी जाऊन पोहोचतो. पाय अडकला तर हाक ऐकणारं कोणीतरी जवळपास हवंच. त्यामुळे चांगली जागा म्हणजे रस्त्यापासून पाच-दहा मिनिटांच्या चालीवरची, पण मध्ये बांध, उंचवटा किंवा दाट झुडपं असल्यामुळे नजरेआड राहिलेली. दोन तास रान तुडवून सापडलेल्या जागेपेक्षा ही कितीतरी बरी. पुढचं सगळं याच हिशेबाने सांगतोय.

कसला चिखल हवाय, ते आधी ठरवा

सगळा चिखल सारखा नसतो. मातीचे कण आकारानुसार तीन गटांत मोडतात: वाळू ०.०५ ते २ मिलिमीटर, पोयटा ०.००२ ते ०.०५ मिलिमीटर आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. वाळू जास्त असेल तर चिखल अंगाला खरखरतो, पाणी धरत नाही, तासाभरात निथळून जातो. पोयटा जास्त असेल तर पिठासारखा मऊ लागतो आणि धुतानाही पटकन निघतो. चिकणमाती असेल तर मात्र खरी मजा: घट्ट, गुळगुळीत, अंगावर जाड थर बसणारा चिखल. त्याची शिक्षा म्हणजे तो पाय सोडत नाही आणि वाळला की अंगावरचे केस ओढतो.

जागेवर ओळखायची युक्ती सोपी आहे. मूठभर माती ओली करून मळा आणि अंगठा व तर्जनीमध्ये दाबत तिची पट्टी पुढे सरकवत न्या. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर चिकणमाती कमी आहे. पाच सेंटिमीटरच्या पुढे गेली तर भरपूर आहे. आणखी खात्री हवी असेल तर पारदर्शक बरणीत एक तृतीयांश माती आणि वर पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयट्याला दोनेक तास लागतात आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. नवख्यांनी पोयटा-चिकणमातीचं मिश्रण शोधावं, तेही घोट्यापासून पोटरीपर्यंत खोल. लोळायला, घसरायला, एकमेकांना माखायला तेवढं पुष्कळ होतं. छातीभर चिखलाचं आकर्षण फोटोंमुळे वाटतं; प्रत्यक्षात एवढ्या चिखलात खेळता येत नाही, नुसतं अडकून उभं राहावं लागतं.

नकाशा उघडा

शोध घरी बसूनच सुरू करा. उपग्रहाचं छायाचित्र दाखवणारा कुठलाही नकाशा चालेल, पण जुन्या तारखांची छायाचित्रं दाखवणारा असेल तर उत्तम. एकच जागा पावसानंतर आणि कोरड्या दिवसांत कशी दिसते ते बघा. जो पट्टा एका छायाचित्रात पाण्याखाली आणि दुसऱ्यात तपकिरी, गुळगुळीत दिसतो, तिथे गाळ आहे.

नदी-ओढ्यांच्या बाबतीत वळणं बघा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी वेगाने जातं, काठ खातं, तिथे कडा तुटक्या आणि पाणी खोल असतं. आतल्या अंगाला पाणी मंदावतं आणि जे घेऊन आलेलं असतं ते टाकून देतं. मुख्य प्रवाहाजवळ पाणी टाकतं ती बहुधा वाळू-रेती. खरा मऊ गाळ त्याच्या मागे, जिथे पुराचं पाणी शिरून थांबलेलं असतं अशा खोलगट भागात सापडतो. नदीने जुनी वाट सोडली की मागे धनुष्याच्या आकाराचं तळं उरतं, त्याच्या उथळ टोकाशीही असाच गाळ असतो.

त्याशिवाय शेततळ्यांच्या कडा, माती काढून सोडून दिलेले उथळ खड्डे, बांधाच्या पायथ्याशी पाणी साचणारे सखल कोपरे आणि कच्च्या वाटांवरची कायमची डबकी बघून ठेवा. जमिनीवर फिरताना लव्हाळा किंवा पाणकणीस दिसलं की समजावं, वर्षातला बराच काळ इथे ओल असते. मात्र त्या झुडुपात शिरू नका. मुळांच्या जाळ्याखाली खोली कळत नाही आणि साप-पक्ष्यांचं घरही तिथेच असतं. बाजूची उघडी जागा पुरे.

आता आडोसा. नकाशावर जागेभोवती रस्ते, पायवाटा, पूल, रेल्वेमार्ग, उंच इमारती कुठे आहेत ते पाहा. उंची दाखवणाऱ्या रेषा असतील तर आणखी चांगलं: आजूबाजूपेक्षा दीड-दोन मीटर खाली असलेला खळगा तुम्हाला झाडीपेक्षा चांगला झाकतो. पलीकडचा काठ तपासायला लोक हमखास विसरतात. आपल्या बाजूला गर्द झाडी, आणि समोरच्या काठावरून सगळं रंगमंचासारखं उघडं.

या जागांवर फुली मारा

काही जागा दिसायला अगदी मनासारख्या असतात आणि नेमक्या त्याच घातक असतात. खाणींचा गाळ साठवणारी तळी आणि औष्णिक वीजकेंद्रांची राखेची तळी यात पहिली. लांबून मऊ, एकसारखा राखाडी चिखल दिसतो. वर पापुद्रा धरलेला, खाली पातळ आणि किती खोल याचा पत्ता नाही. शिवाय त्यात जड धातू आणि रसायनं. तिथे कुंपण असो वा नसो, जाऊ नये.

धरणाच्या जलाशयाचं पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा गाळही फसवा. वरून भेगाळलेला आणि वाळलेला दिसतो, पण खाली वर्षानुवर्षांचा मऊ थर तसाच असतो. धरणाच्या खालच्या बाजूच्या नदीपात्रात वेगळीच भीती: सूचना न कळता पाणी सोडलं जाऊ शकतं. सांडपाण्याचे नाले, कत्तलखान्याच्या किंवा मोठ्या गोठ्यांच्या उताराखालची डबकी, कचराभूमीच्या आसपासचं पाणी यांबद्दल जास्त सांगायला नको. पाण्यावर तेलाचा इंद्रधनुषी तवंग असेल, हिरवा-निळा साय धरल्यासारखा थर असेल किंवा मेलेले मासे दिसत असतील तर मागे फिरा. त्यातला हिरवा-निळा थर विषारी सायनोबॅक्टेरियाचा असू शकतो.

गरम पाण्याच्या झऱ्यांजवळचा नैसर्गिक चिखल फक्त तिथे सोय करून दिलेल्या ठिकाणीच अंगाला लावावा. इतरत्र वरचा पापुद्रा फुटून पाय उकळत्या चिखलात जाऊ शकतो.

आणि एक फुली आपल्यासाठी नसून त्या जागेसाठी आहे. पीटची दलदल, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचे थर साचून झालेली पाणथळ जमीन, वर्षाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने वाढते. तुम्ही अर्ध्या तासात तुडवलेला थर पुन्हा बनायला कितीतरी पिढ्या जातात. तसंच संरक्षित पाणथळी, पक्ष्यांच्या विणीच्या जागा आणि बेडकांची अंडी तरंगणारी डबकी. एवढ्या मोठ्या जगात चिखलाचा तुटवडा नाही. ह्या सोडून द्या.

जमीन कोणाची आहे, विचारा

प्रत्येक तुकडा कोणाचा ना कोणाचा असतोच. सार्वजनिक असेल तर तिथले नियम वाचा, खासगी असेल तर मालकाला गाठा. इथे बहुतेक जण लाजतात आणि न विचारता घुसतात. माझं मत उलट आहे: परवानगी हाच सगळ्यात भक्कम आडोसा. मालकाला माहीत असलं की अचानक कोणी ओरडत येत नाही आणि वेळप्रसंगी मदतीला तोच माणूस सगळ्यांत जवळ असतो. शिवाय पाणी कुठे खोल आहे, जनावरं कधी येतात, मागे कधी कोणाचं काय रुतलं होतं, हे कुठल्याही नकाशापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

विचारताना आडवळण घेऊ नका. 'जरा निसर्ग बघायचा होता' असं सांगून नंतर माखलेले सापडलात तर संशय दुप्पट होतो. सरळ सांगा: 'आम्ही तिघं आहोत. तुमच्या तळ्याच्या खालच्या कोपऱ्यात दोन तास चिखलात खेळायचं आहे. कपडे अंगावर असतील, काच-प्लॅस्टिक काही आणणार नाही, पिकात पाय ठेवणार नाही, जाताना खड्डे सारखे करून जाऊ.' समोरचा आधी हसतो आणि मग बहुतेक वेळा हो म्हणतो. नाही म्हणाला तर वाद घालू नका.

मालक आणखी थोडा उदार असेल, किंवा स्वतःची मोकळी जागा असेल, तर मी सगळ्यांना एकच सल्ला देईन: चिखल शोधू नका, करा. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, एक फूट खोल खड्डा खणा. माती चाळून दगड, काचा, काड्या बाजूला काढा. तीच माती परत भरून पाणी सोडा. एवढ्या मातीला साधारण ४०० लिटर पाणी लागतं, माती वाळकी असेल तर थोडं जास्त. एक रात्र मुरू द्या आणि सकाळी तुडवून एकजीव करा. खोली ठाऊक, तळ घट्ट, आत काय आहे ते आपणच चाळलेलं. साहसाची हौस याने भागत नाही हे कबूल, पण पहिल्या खेळासाठी याच्याइतकी निर्धोक जागा दुसरी मिळणार नाही. खणण्याआधी त्या जमिनीखालून वीज, पाणी किंवा गॅसची लाइन जात नाही ना, एवढं विचारून घ्या.

कोरडी फेरी

जागा पसंत पडली तरी पहिल्या भेटीत चिखलात उतरू नका. ज्या वारी आणि ज्या वेळी खेळायचा बेत आहे, त्याच वारी त्याच वेळी नुसते जाऊन तासभर बसा. रविवारी सकाळी सुनसान असलेली वाट सोमवारी शाळेच्या मुलांनी भरलेली असते.

जमीन वाचायला शिका. चिखल स्वतःच सगळी नोंद ठेवतो. कडा धारदार असलेलं पाऊल ताजं, कडा ढासळून गोल झालेलं जुनं. खुरांचे ठसे भरपूर असतील तर गुरं इथे पाण्याला येतात: वर्दळही आहे आणि शेण-मूतही. टायरच्या खुणा, विझलेली चूल, सिगारेटची थोटकं, दारूच्या बाटल्या दिसल्या तर आडोसा आहे खरा, पण तो आधीच दुसऱ्या कोणीतरी पटकावलेला आहे. शिवाय बाटल्या आहेत तिथे फुटलेली काच आहेच. गळ, तंगूस आणि तार यांच्यासाठीही काठ नीट बघा.

मग नजरेची चाचणी. एकाला चिखलाच्या जागी उकिडवं बसवा आणि दुसऱ्याने रस्त्यावरून, पायवाटेवरून, पुलावरून, समोरच्या काठावरून फेरी मारावी. बसल्यावर दिसत नाही आणि उभं राहिल्यावर डोकं दिसतं, एवढं झाकण पुरेसं आहे. पूर्ण झाकलेली जागा मला स्वतःला नको वाटते. आवाजाचीही परीक्षा घ्या: साधी हाक रस्त्यापर्यंत ऐकू जाते का? गेलीच पाहिजे. आणि मोबाइलला रेंज कुठे येते ते पाहून ठेवा. खळग्यात बहुतेकदा येत नाही, काठावर येते.

परतीची वाटही याच फेरीत ठरवा. उतरताना सोपा वाटलेला मातीचा उतार माखलेल्या पायांनी चढताना घसरगुंडी होतो.

काठी, पाय आणि सुटकेची रीत

इथे घाई करणाऱ्यांनीच गोंधळ घातलेला असतो, म्हणून जरा सविस्तर.

दीड-दोन मीटरची सरळ, मजबूत काठी घ्या. तिच्यावर घोटा, पोटरी आणि गुडघा यांच्या उंचीला दोरा बांधून खुणा करा. काठावर घट्ट जमिनीवर उभं राहून पुढे एक हात अंतरावर काठी सगळा भार देऊन दाबा. ती 'टक्' अशी थांबली की तळ लागला. हळूहळू जात राहिली आणि कुठेच थांबली नाही तर तिथे जायचं नाही. तळ लागला असेल तर तिथे पाऊल टाका, मग पुढचं टोचा. अशी सगळ्या खेळाच्या जागेची चाळण करा आणि जिथपर्यंत तपासलं तिथे डहाळ्या रोवून हद्द आखा. गुडघ्याची खूण बुडाली की ती हद्द संपली.

चिखलाचा एक स्वभाव लक्षात ठेवा: उभा असताना घट्ट वाटणारा चिखल पाय हलवले की सैल होतो आणि थांबलात की पुन्हा आवळतो. नुसतं उभं राहून गप्पा मारल्या की पाय जास्त रुततात ते यामुळेच. पाय वर ओढताना खाली पोकळी तयार होते, तिच्यात हवा किंवा पाणी पटकन शिरू शकत नाही, म्हणून चिखल पाय खाली खेचतोय असं वाटतं. २००५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात रुतणाऱ्या वाळूवर निबंध छापला. त्यात दोन गोष्टी मोलाच्या होत्या. एक, अशा वाळूची घनता माणसाच्या जवळपास दुप्पट असते, म्हणून माणूस कंबरेच्या आसपास तरंगतो, पूर्ण गडप होत नाही. दोन, सेकंदाला एक सेंटिमीटर वेगाने पाय उपटायचा म्हटलं तर मध्यम आकाराची मोटार उचलण्याइतका जोर लागतो. म्हणजे गिळलं जाण्याची भीती खोटी, पण अडकून पडण्याची खरी. अडकलेल्या माणसाला मारतं ते वरून येणारं पाणी, थंडी, ऊन.

म्हणून सुटकेची रीत उथळ चिखलात आधी सराव करून घ्या. पाय अडकला की ओढू नका. मागे रेला, जमेल तेवढं पाठीवर पसरा. भार पसरला की पायावरचा दाब कमी होतो. मग पाऊल आतल्या आत छोट्या गोल चकरांनी हलवा, म्हणजे कडेने पाणी आत झिरपतं. एक पाय सुटला की तो आडवा ठेवा, त्यावर उभं राहू नका. दोन्ही सुटल्यावर पोटावर किंवा पाठीवर सरपटत, आलात त्याच वाटेने परत. उभं राहायचं ते घट्ट जमीन लागल्यावर. मित्राला सोडवताना त्याला बगलेत धरून सरळ वर ओढणं ही सगळ्यात वाईट पद्धत, खांदा निखळू शकतो. त्याच्या पुढ्यात फळी सरकवा, त्याला तिच्यावर आडवा होऊ द्या. साठ सेंटिमीटर चौरस प्लायवुडचा तुकडा किंवा जाड फोमची चटई याचसाठी सोबत असावी. पाच-दहा मिनिटांत जमलं नाही तर लाज बाजूला ठेवून आपत्कालीन क्रमांक फिरवा.

खाडी आणि समुद्रकाठच्या गाळाबद्दल

नवख्यांना माझं सांगणं स्पष्ट आहे: पहिली काही वर्षं इकडे फिरकूच नका, किंवा जाणत्या माणसासोबत जा. युरोपात उत्तर समुद्राच्या वाडन किनाऱ्यावर ओहोटीच्या गाळातून चालण्याचा छंदच आहे, पण तिथेही लांबच्या वाटांवर लोक वाटाड्याबरोबरच जातात.

दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कालची वेळ आज चालत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची म्हणजे मोठी भरती येते, अष्टमीच्या आसपास भांगाची म्हणजे छोटी. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही हे त्याहून महत्त्वाचं. ढोबळ हिशेब असा: चढायच्या सहा तासांत पहिल्या तासाला एकूण चढाचा एक बारांश, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे पहिला तास गाफील ठेवतो आणि मग अर्धी भरती दोन तासांत अंगावर येते. सपाट गाळावर ती मागच्या ओहोळांतून आधी शिरते आणि काठाकडची वाट तुटते. इंग्लंडमधल्या मोरकॅम्ब उपसागरात ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपले वेचणारे किमान २१ कामगार असेच भरतीत सापडून बुडाले. त्यामुळे जायचंच तर ओहोटी सुरू असताना उतरा आणि पाणी सगळ्यात खाली पोहोचायच्या आत काठावर या.

तिथल्या काळ्या गाळाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. उघड्यावर थोडा वास येणं साहजिक आहे. डोकं दुखू लागलं तर मात्र निघा. आणि गाळावर पक्ष्यांचे थवे चरताना दिसले तर तिथे खेळू नये, लांबच्या स्थलांतरासाठी लागणारं अन्न ते तिथेच मिळवत असतात.

ओढ्या-नद्यांसाठी एवढंच: डोक्यावरचं आकाश निरभ्र असलं तरी प्रवाहाच्या वरच्या अंगाला कुठे पाऊस पडतोय का ते पाहा. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पानं वाहत आली किंवा वरच्या अंगाने घुमल्यासारखा आवाज आला की सामान सोडून उंचावर पळा.

कधी जायचं

चिकणमातीची जागा चांगल्या पावसानंतर एक-दोन दिवसांनी रंगात येते. वाळूची जागा तेवढ्यात सुकून जाते. पण वस्तीचं पाणी जिथे उतरतं तिथे मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस थांबा, कारण पहिलं पाणी गटारं, गोठे, रस्ते सगळं धुऊन आणतं. गडगडाट ऐकू आला तर बाहेर पडा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परतू नका. उघड्या गाळावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. थंड हवेत वेळ आखडता घ्या. ओला चिखल अंगातली ऊब कोरड्या हवेपेक्षा फार लवकर ओढतो आणि मजेत असताना ते कळत नाही. दात वाजायला लागले की खेळ संपला.

सोबत काय, सोबत कोण

एकटे जाऊ नका. दोघं किंवा तिघं, आणि त्यातला एक नेहमी घट्ट जमिनीवर, पाळीपाळीने. घरी किंवा विश्वासातल्या एकाला नेमकी जागा आणि परतायची वेळ सांगून ठेवा. मुलं असतील तर मोठ्याने आधी सगळी जागा पायाखालून घालावी आणि खेळताना मुलं हाताच्या अंतरावर ठेवावीत. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं.

कपडे जुने, अंगाला बसणारे, लांब बाह्यांचे. ढगळ सुती कपडे चिखल पिऊन दगडासारखे जड होतात. पायात घोट्याला घट्ट बांधलेले जुने बूट किंवा पाण्यातले बूट. चपला पहिल्या मिनिटाला आत राहतात आणि गमबुटात चिखल भरला की पाय उचलत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा, अंगठ्या-साखळ्या घरी ठेवा. मोबाइल जलरोधक पिशवीत काठावर. गावठाणापासून दूर नसलात तरी धुवायला माणशी दहा-बारा लिटर पाणी, पिण्याचं वेगळं, एक मग, टॉवेल, कोरडे कपडे, ओल्या कपड्यांसाठी जाड पिशवी, गाडीच्या सीटवर टाकायला प्लॅस्टिक आणि प्रथमोपचाराची पेटी.

एवढी तयारी करूनही कोणीतरी येतंच. तेव्हा लपायला जाऊ नका. मानेपर्यंत माखून पडलेला माणूस अनोळखी माणसाला बुडणारा वाटतो आणि तो बिचारा अग्निशमन दलाला फोन लावतो. उठून बसा, हात हलवा, 'ठीक आहे, मजेत आहोत' असं मोठ्याने सांगा. बहुतेक लोक हसून पुढे जातात. कोणी रेंगाळत राहिलं, अंगचटीला यायला लागलं, किंवा नुसतं मन खात असलं तरी आवरून निघा. फोटो काढलेत तर त्यातली ठिकाणाची नोंद बंद ठेवा, नाहीतर पुढच्या महिन्यात तुमच्या आडोशाला जत्रा भरलेली असेल.

खेळून झाल्यावर

चिखल अंगावर वाळू देऊ नका. ओला असतानाच हाताने निपटून जागेवरच टाका, मग पाणी ओता, साबण सगळ्यात शेवटी. डोळ्यांत गेला असेल तर चोळू नका, स्वच्छ पाण्याची धार सोडा. कपड्यांचं उलट: ते पूर्ण वाळवा, झटका, ब्रशने घासा आणि मगच भिजवा. घरच्या मोरीत चिखलाचं पाणी सोडलंत तर नळी तुंबणार हे गृहीत धरा. अंगणात किंवा झाडांच्या आळ्यात धुवा.

बूट, काठी, फळी जागेवरच धुऊन घरी कडक वाळवा. नुसत्या ओल्या बुटाच्या खाचेत न्यूझीलंड मड स्नेलसारखी काही मिलिमीटरची गोगलगाय दमट राहून कित्येक दिवस जगते, आणि नराशिवाय प्रजा वाढवू शकत असल्यामुळे एकटी मादी दुसऱ्या तळ्यात पूर्ण वसाहत उभी करते. जनावरं आणि तणाचं बी असंच एका पाण्यातून दुसऱ्यात जातं.

तब्येतीचं थोडं आधी, थोडं नंतर. अंगावर उघडी जखम असेल त्या दिवशी उतरायचंच नाही. धनुर्वाताच्या जिवाणूंची बीजं मातीत असतात, म्हणून लस दर दहा वर्षांनी घेतलेली असावी. खोल, मळलेली जखम झाली आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षं उलटली असतील तर लगेच विचारून पुन्हा घ्यावी. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात डोकं बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. मेंदूपर्यंत पोहोचणारा नेग्लेरिया हा अमीबा अशाच पाण्यातून नाकावाटे शिरतो. तो विरळा आहे, पण त्यातून वाचणारे त्याहून विरळे. जिथे उघड्यावर शौचाला बसतात तिथे अनवाणी पाय टाकू नये, अंकुशकृमी तळव्यांतूनच आत जातो.

लेप्टोस्पायरोसिस मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवावा. उंदीर आणि गुरांच्या मुतातून हा जंतू ओल्या मातीत येतो आणि खरचटलेल्या कातडीतून किंवा डोळ्या-नाकातून आत शिरतो. लक्षणं बहुधा ५ ते १४ दिवसांत दिसतात, क्वचित महिनाभरानेही: अचानक ताप, थंडी, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं. वेळेत ओळखला तर साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृतापर्यंत जातो. फ्लूसारखाच दिसत असल्यामुळे डॉक्टरांनाही तो सहज हुकतो. म्हणून त्या महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा की अमुक तारखेला, अमुक प्रकारच्या चिखलात इतका वेळ खेळलो होतो. एवढ्यावरून कोणती तपासणी लिहून द्यायची ते त्यांना कळतं.